गौरी-गणपतीला कुडाळ: तिकिटापासून घर बंद करण्यापर्यंत

कोकणात गणपतीला जाणाऱ्या घराने रजेचा हिशेब चतुर्थीपासून मांडला की फसतो. तो गौरीपासून मांडायचा. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. गौरी 31 ऑगस्टला आल्या, 1 सप्टेंबरला पूजन आणि 2 सप्टेंबरला विसर्जन. म्हणजे दीड दिवसवाले 28 लाच मोकळे, पाच दिवसवाले 31 ला, आणि गौरीबरोबर गणपती पोचवणारी घरं थेट सातव्या दिवशी. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होतं, त्यामुळे हा दिवस दरवर्षी हलतो. ‘आपला पाच दिवसांचा’ असं धरून परतीचं तिकीट काढलेल्या कितीतरी जणांना त्या वर्षी गौरीपूजनाआधीच निघावं लागलं. रजेचा अर्ज टाकण्याआधी दिनदर्शिकेत गौरी बघा.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. 13 सप्टेंबरच्या गाडीचं तिकीट 15 जुलैला निघेल, 12 चं 14 जुलैला. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, नाहीतर सुरुवातीच्या मोलाच्या वेळेत तिकीट काढताच येत नाही. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. आठ-नऊ जणांचं घर असेल तर दोन खात्यांवरून दोघांनी एकाच वेळी बसायचं, आणि प्रवाशांची यादी आदल्या रात्रीच खात्यात भरून ठेवायची. परतीचं तिकीट वेगळ्या दिवशी उघडतं हे लिहून ठेवा. जायचं मिळालं की लोक निर्धास्त होतात आणि परतीला वेटिंग लागतं.

तुतारी एक्सप्रेसचा घोळ दरवर्षी होतो. दादरहून ती रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. 12 तारखेच्या रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट 13 तारखेचं हवं. 12 चं तिकीट असलेली गाडी तुम्ही जेवायला बसायच्या वीस तास आधीच गेलेली असते. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमाराला सुटते, तिथे हा गोंधळ नाही. गणपती स्पेशलची तिकिटं उशिरा जाहीर होतात म्हणून मिळायची शक्यता बरी, पण कोकण रेल्वे बहुतेक एकेरी मार्गाची, त्यामुळे क्रॉसिंगला स्पेशलच बाजूला उभी राहते. दोन-तीन तास उशीर धरूनच चाला. दोन वेळचं खाणं आणि माणशी दोन लिटर पाणी सोबत घ्या. कुडाळला उतरल्यावर रात्री-अपरात्री गावापर्यंत रिक्षा मिळेलच असं नाही, ती आधी फोन करून सांगून ठेवायची.

गाडीने जाणाऱ्यांसाठी ठाणे ते कुडाळ महामार्गाने साधारण साडेचारशे किलोमीटर. कशेडीच्या बोगद्यामुळे पोलादपूर-खेडचा जुना घाट टळतो. गाडी अडकते ती इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठांत. या दोन गावांतून पहाटे पाचच्या आत बाहेर पडलात तर पुढे फारसं काही अडत नाही. म्हणजे ठाणं मध्यरात्रीच्या आसपास सोडायचं. हरतालिकेच्या आदल्या रात्री मात्र हाही हिशेब चालत नाही, तेव्हा सगळी मुंबई याच हिशेबाने निघालेली असते. शक्य असेल तर आणखी दोन दिवस आधी निघा.

दुसरा रस्ता घाटमाथ्याचा: द्रुतगती मार्ग, पुणे, सातारा, कोल्हापूर, तिथून राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कणकवली. सावंतवाडीकडे जायचं असेल तर आजऱ्याहून आंबोली. किलोमीटर वाढतात आणि टोलही, पण लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर हाच बरा, कारण स्वच्छतागृह आणि जेवण वेळेवर मिळतं. पुण्यात नवले पुलाचा भाग सकाळी आठच्या आत पार करा. दाजीपूरला धुकं आणि मोबाइलची रेंज नसणं हे गृहीत धरा, पेट्रोल कोल्हापुरातच भरा, आणि दरड कोसळली आहे का ते उतरायच्या आधी विचारा. ज्याला गाडी लागते त्याला गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्यायची. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीतच जाते.

टोलमाफीचा पास सरकार या दिवसांत देतं. तो आरटीओ, वाहतूक पोलीस किंवा पोलीस ठाण्यात मिळतो आणि परतीलाही चालतो, म्हणून काचेवरून काढून टाकू नका. कोकण रेल्वेने 2025 मध्ये कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी गाड्या वाहून नेणारी रो-रो सुरू केली, एका गाडीला 7,875 रुपये. कल्पना चांगली, पण पनवेल ते कोलाड हा पट्टा तुम्हालाच चालवत जायचा. गाव गोव्याच्या हद्दीजवळ असेल तरच विचार करा. वाडीतली पंचवीस-तीस माणसं एकत्र जाणार असतील तर एसटीचं सामूहिक आरक्षण सगळ्यात सुटसुटीत. गाडी थेट गावात सोडते.

वर्षभर बंद असलेलं घर उघडायला एक अख्खा दिवस लागतो, आणि हा दिवस कुणीच धरत नाही. विजेचं बिल थकलं म्हणून मीटर कापलेला असू शकतो, ते जुलैतच ऑनलाइन बघा. विहिरीवरचा पंप सुरू होतो पण पाणी येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळून पाइप रिकामा झालेला असतो. पंपाच्या तोंडातून पाणी भरून मग बटण दाबायचं. कोरडा फिरवलात तर सील जळतं. मोटर नुसती गुणगुणत असेल तर कपॅसिटर गेला, तो कुडाळच्या बाजारातून आधीच एक आणून ठेवावा. संध्याकाळी सगळ्या वाडीत माळा लागल्या की व्होल्टेज पडतं, टाकी सकाळीच भरून घ्या. कौलं मे महिन्यात शाकारून घेतली नसतील तर गणपती बसवायच्या जागेवर छताला ताडपत्री बांधावीच लागते. झाडताना विंचवासाठी हातात बॅटरी, पायात चप्पल.

मूर्तीसाठी पाट चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नागपंचमीच्या आधी पोचायला हवा. पाटावर मागच्या बाजूला घराचं नाव ऑइल पेंटने लिहा. खडूने लिहिलेलं शाडूच्या ओल्या हातांनी पुसलं जातं आणि एकसारखे पाट असले की गोंधळ होतो. आणताना मूर्तीवर आधी सुती कापड, त्यावर प्लॅस्टिक. नुसतं प्लॅस्टिक टाकलं तर आत दमटपणा साचून रंग चिकटतो.

माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बांधायची. चौकट वाशांना काथ्याने बांधा, नायलॉनच्या दोरीची गाठ ओझ्याने सरकते. आधी आंब्याचे टाळे (डहाळ्या) आणि सगळ्यात जड वस्तू चार कोपऱ्यांना: नारळाची पेंड (घड), तवसं (मोठी काकडी), सुपारीचं शिपटं (घोस). मग मध्ये रानातली कांगणी, शेरवाड, कवंडळ. कळलावीची फुलं देखणी, पण ते झाड विषारी आहे, मुलांच्या हाताला येतील अशी टांगू नका. सगळं बांधून झालं की एकदा दोन्ही हातांनी ओढून बघायचं, खाली मूर्ती यायची आहे.

स्वयंपाकात वेळ खातात ते मोदक. मध्यम आकाराच्या एकवीस मोदकांना तांदळाचं पीठ दोन वाट्या, पाणी दोन वाट्या, चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ. सारणाला दोन वाट्या ओलं खोबरं आणि एक वाटी गूळ. पाणी खळखळल्याशिवाय पीठ घालायचं नाही, वाफ आल्यावर झाकण पाच मिनिटं उघडायचं नाही, आणि उकड गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळायची. पारी कडेला फाटते ती उकड गार झाल्यामुळे किंवा कमी मळल्यामुळे. सारण फार आटवलं तर गार झाल्यावर खडा होतो, कमी आटवलं तर पाक सुटून मोदक तळातून फुटतो. चाळणीत हळदीचं पान, मोदक पाण्यात बुडवून काढून ठेवायचा, दहा-बारा मिनिटं वाफ. गावच्या चुलीवर आच मागेपुढे होते, म्हणून भांड्यातलं पाणी मध्ये एकदा बघा.

रात्री भजनाची मंडळी येतात. किती येणार ते बुवांना दुपारीच विचारून घ्या. एक किलो काळे वाटाणे वीस-बावीस जणांना पुरतात. ते आदल्या रात्रीच भिजत घालायचे, आणि शिजेपर्यंत कोकम घालायचं नाही, नाहीतर कितीही शिट्ट्या काढा, दाताखाली टणकच लागतात. नैवेद्याचा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय असतो, त्यामुळे चव वाटणातल्या खोबऱ्यावर आणि धण्यावर. खोबरं खरपूस भाजा, काळं नको. कपबशा शेजारून आणायच्या तर कोणाच्या किती ते कागदावर लिहा.

गौरीला तेरड्याची रोपं मुळासकट लागतात, ती आवाहनाच्या दिवशी शोधायला गेलं की वाडीजवळची सगळी काढून झालेली असतात. आदल्या दिवशी मुलांना पाठवा. ववशाची, म्हणजे बायका गौरीपुढे ओवाळतात ती, सुपं चतुर्थीआधीच्या बाजारातच घ्यावीत, नंतर उरतात ती तुटक्या काडीची. काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य असतो, मग गणपतीसमोर पडदा धरतात. घरातली नवी सून दुसऱ्या गावची असेल तर हे तिला आधी सांगा, ऐनवेळी गांगरायला होतं.

विसर्जनाला व्हाळाला (ओढ्याला) पाणी किती आहे ते सकाळी एकाने जाऊन बघायचं. पाऊस जोराचा असेल तर निसरड्या घाटीवर मूर्ती पोहणाऱ्या दोघांच्याच हातात द्या. गाऱ्हाणं घरातल्या वडीलधाऱ्याने घातलं की पाट परत आणायला विसरू नका, दरवर्षी एखाद-दुसरा वाहून जातो.

विसर्जनाच्या रात्रीच निघू नका. सगळे थकलेले असतात, आणि चालवणारा सर्वात जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, पंपाचा आणि घराचा मेन स्विच बंद, तांदळाचे डबे शेजारी द्या. माटवीतले नारळ उतरवून वाटून टाका. किल्ली कोणाकडे ठेवली ते घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या.