प्लास्टिकच्या पिशवीतला ईसीजी

मेळघाटातून आलेली ती कोरकू बाई चाळिशीची असेल. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली. समाजसेवा अधीक्षक म्हणून माझ्या फॉर्मवर 'उपचाराला उशीर का?' असा एक रकाना असतो. त्यात 'अज्ञान' लिहायला मी पेन टेकवलंही होतं.

सोबत जावई. मी विचारायची, तो एका शब्दात उत्तर द्यायचा, ती खाली बघत बसायची. कोरकू ही संथाली-मुंडारीच्या कुळातली भाषा, मराठी माणसाला त्यातलं काही म्हणता काही कळत नाही. शेवटी वॉर्डातल्या धारणीकडच्या, कोरकू येणाऱ्या नर्सिंगच्या मुलीला बोलावलं आणि जावयाला चहाला पाठवलं.

तेव्हा कुठे ती बोलली. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. आठ महिन्यांपूर्वीची ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या तपासणीची पट्टी, रेघा पुसट झालेल्या. सोबतच्या केसपेपरवर 'छातीत दुखणे' आणि खाली ॲसिडिटीच्या गोळ्या.

गाठ मोहाच्या बीएवढी होती, तेव्हाच ती दवाखान्यात गेली होती. पण दुभाषा म्हणून सोबत दीर. त्याच्यासमोर कसं सांगणार? तिनं नुसता छातीवर हात ठेवला, त्यानं 'छातीत दुखतं' सांगितलं. तारा लावल्या, कागद निघाला, 'नॉर्मल आहे' म्हणाले. तिला वाटलं, मशीननं गाठच तपासली. गाठ दुखतही नव्हती. हा कागद तिनं आठ महिने जपून ठेवला.

मला रडू आवरेना. कुणीतरी बाईनं पडद्याआड हात लावून पाहिलं असतं तरी गाठ लागली असती. मुंबईत टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासलेल्या बायकांचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडला होता.

बायोप्सीत कर्करोगच निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन ठरलं. रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळेना, महात्मा फुले योजनेची मंजुरी त्यात आणखी चार दिवस अडकली.

'अज्ञान' मी लिहिलं नाही. 'आठ महिन्यांपूर्वी आली होती, भाषा समजली नाही' असं लिहिलं, आणि केसपेपरवर लाल पेनानं, 'कोरकू. दुभाषी बाईच हवी.'

केमोसाठी दर एकवीस दिवसांनी यायचं, हे त्या नर्सिंगच्या मुलीनं तिला बोटांवर मोजून दाखवलं. तिनंही पुन्हा मोजलं आणि एवढंच विचारलं, होळीला घरी असेन ना?