कॅमेऱ्यासमोर धरलेल्या बाटल्या

बरेच दिवस लिहू लिहू म्हणतेय, आज लिहूनच टाकते. मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहते, पोर्टलंडच्या शेजारी हिल्सबरोला, इकडे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि त्याआधी तो दिसेलच असंही नाही, आठवडेच्या आठवडे नुसती भुरभुर आणि राखाडी आभाळ. मागच्या हिवाळ्यात माझी झोपच उडाली. रात्री अडीचला जाग यायची, छातीत धडधड, मग सहापर्यंत नुसतं पडून राहायचं आणि सकाळी लेकाचा डबा भरताना उगाच डोळ्यांतून पाणी. डॉक्टरांनी १५ मिनिटांत "स्ट्रेस आहे, योगा करा" म्हणून सोडलं, आणि सायकियाट्रिस्ट शोधायला गेले तर नवीन पेशंटला चार महिने वेटिंग. इन्शुरन्सच्या लिस्टमधले नंबर फिरवत फिरवत शेवटी एक सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर मिळाली, म्हणजे मानसिक आजार तपासून औषधं लिहून देणारी नर्स, व्हिडिओवर, दहा दिवसांत. तिची पद्धत इंटिग्रेटिव्ह, म्हणजे गोळ्यांबरोबर झोप, आहार, सप्लिमेंट्स असं सगळंच एकत्र बघायचं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, नर्स कशी औषध लिहून देणार?" तिचंही बरोबर आहे, आपल्याकडे मानसिक आजारांवर नर्सने स्वतः तपासून औषध लिहून द्यायची पद्धतच नाही. इकडे आधी रजिस्टर्ड नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट आणि वर मानसोपचाराची वेगळी परीक्षा, तेव्हा कुठे हे काम करता येतं. पहिला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स १९६५ मध्ये कोलोराडो युनिव्हर्सिटीत लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या लहान मुलांच्या डॉक्टरने सुरू केला. ऑरेगनमध्ये नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय स्वतंत्र प्रॅक्टिस करतात, टेक्सासमध्ये मात्र डॉक्टरशी करार लागतो.

पहिली व्हिजिट सव्वा तासाची होती. सुरुवातीलाच तिने विचारलं, आत्ता कुठल्या राज्यात बसली आहेस, पत्ता काय, काही झालं तर कोणाला फोन करू. मग पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन किती आहे हे बघायला गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न. फॉर्म मी आधीच भरला होता, २७ पैकी १६ आले होते, पण नववा प्रश्न तिने पुन्हा तोंडाने विचारला. मेलेलं बरं असं कधी वाटतं का. मी फॉर्मवर "नाही" लिहिलं होतं. तोंडाने विचारल्यावर मात्र मी खूप वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, हो, कधी कधी वाटतं, पण काही करायचं असं मनात नाही. ती दचकली नाही की घाईघाईने समजूतही घातली नाही. अजून चार प्रश्न विचारले, रात्री फार वाईट वाटलं तर कोणाला उठवायचं हे माझ्याकडूनच लिहून घेतलं आणि ९८८ हा इकडचा आत्महत्येच्या विचारांसाठीचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करायला लावला. नवऱ्यालासुद्धा जे बोलले नव्हते ते मी एका स्क्रीनला सांगितलं होतं.

मग म्हणाली, आता किचनमध्ये जा आणि जे जे काही घेतेस ते सगळं घेऊन ये. मी लॅपटॉपसमोर ओळीने मांडलं. थायरॉइडची गोळी, आईने साताऱ्याहून पाठवलेली अश्वगंधा, केसांसाठी बायोटिनच्या गमीज, आणि मैत्रिणीने दिलेली सेंट जॉन्स वर्टची, म्हणजे उदासीवर घेतात त्या वनस्पतीच्या गोळ्यांची, न उघडलेली बाटली. एकेक बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला लावून तिने लेबलं वाचली. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात आणि मी तर वरून गोळी पण घेत होते. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, म्हणून टेस्टच्या आधी काही दिवस गमीज बंद. आणि सेंट जॉन्स वर्ट डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर कधीच नाही, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. इतक्या वर्षांत आईची पुडी मी कुठल्याच डॉक्टरला दाखवली नव्हती, आणि डॉक्टरची गोळी आईला सांगितली नव्हती. पहिल्यांदाच सगळं एका माणसासमोर होतं.

इंटिग्रेटिव्ह म्हटलं की लोकांना वाटतं गोळ्यांऐवजी काहीतरी नैसर्गिक. तसं नाहीये. मला सर्ट्रालिन, म्हणजे डिप्रेशनची गोळी, दिलंच, आधी २५ मग ५० मिलिग्रॅम, पहिला आठवडा मळमळ, आणि फरक कळायला पाचवा आठवडा उजाडला. त्याच्यासोबत बी१२, कारण मी शाकाहारी आणि रिपोर्टमध्ये ते खूप कमी निघालं, सकाळी उठल्या उठल्या १०,००० लक्सच्या, म्हणजे खूप प्रखर, दिव्यासमोर अर्धा तास बसायचं, आणि झोप येत नसेल तर बेडवर पडून राहायचं नाही हा नियम. जिथे पहिल्याच भेटीत स्वतःच्याच ब्रँडच्या महागड्या सप्लिमेंट्स गळ्यात मारतात तिथून सरळ उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. या बाटल्या विकायच्या आधी त्या काम करतात हे इथे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

टेलिहेल्थचा, म्हणजे व्हिडिओवरच्या तपासणीचा, एक त्रास पण सांगते. मार्चमध्ये मी मैत्रिणीकडे व्हँकुव्हरला होते, कॅनडातलं नाही, कोलंबिया नदीच्या पलीकडचं, घरापासून पाऊण तास. तिथूनच व्हिजिट जॉइन केली आणि कुठल्या राज्यात बसली आहेस या नेहमीच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं, वॉशिंग्टन राज्य. तिने हळूच सांगितलं की तिचं लायसन्स ऑरेगनचं आहे, पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लागतं, आज नाही बोलता येणार. त्या दिवशी मला बोलायची फार गरज होती. मी गाडी काढली, पूल ओलांडला, पोर्टलंडमध्ये एका ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये थांबले आणि तिने दिवसातली शेवटची वेळ मला दिली.

उन्हाळ्यात साताऱ्याला गेले तेव्हा माझ्या नर्सने आधीच तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. एका रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "तुझी ती बाई माझ्याशी बोलेल का गं?" बाबा गेल्यापासून आईला पण झोप नाही, दोन वर्षं, आणि मला हे माहीतच नव्हतं. तिला ते लायसन्सचं समजावून सांगितलं आणि १४४१६ लावून दिला, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी उठून बाहेर जायला लागले तर आईने हात धरून बसवलं, आणि फोनवर पहिलं वाक्य बोलली, "मला झोप येत नाही."