एकमेकांची वाट पाहा

मी एका ख्रिस्ती साधनागृहाचे स्वयंपाकघर सांभाळते. रिट्रीटसाठी, म्हणजे प्रार्थना आणि एकांतासाठी, येणाऱ्या मंडळींची पथ्ये आम्ही आधीच विचारून घेतो, त्या खेपेला एका बाईंनी आपल्या पतीविषयी कळवले होते, "यांचे ताट खोलीत पाठवावे, हे कोणासमोर जेवत नाहीत."

आल्या दिवशीच बाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी सारे सविस्तर सांगितले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्या गृहस्थांचे गिळण्याचे स्नायू दुबळे झाले होते. साधे पाणीसुद्धा घशात न थांबता श्वासनलिकेत उतरण्याची भीती, म्हणून ते दाट करून द्यायचे. रस्सा आणि त्यातले तुकडे हे एकाच घासात आले तर ठसका ठरलेला. अन्न गुठळीविना, चमच्यावर ठरेल इतपत घट्ट हवे. ताठ बसायचे, लहान घास घ्यायचा, तो पूर्ण उतरेपर्यंत थांबायचे आणि तोंडात घास असताना अजिबात बोलायचे नाही. एका जेवणाला जवळजवळ तास लागे. इतरांचे आटोपलेले असे, कोणी टक लावून पाहत असे, कोणी आपुलकीने काही विचारत असे, आणि उत्तर द्यायला गेले की ठसका लागत असे. शेवटी त्यांनी पंगतच सोडली.

बाई गेल्यावर मला बायबलमधले, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले पहिले पत्र आठवत राहिले. तेथे प्रभूच्या मेजाभोवती, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या सहभोजनाला, जमलेल्यांपैकी काही जण आपापले जेवण आधीच उरकत आणि काही उपाशी राहत; तेव्हा भोजनास जमता त्या वेळी एकमेकांची वाट पाहा, असे पौल 11व्या अध्यायात बजावतो. इतक्या थोर विषयावर बोलताना तो इतकी घरगुती सूचना करतो, याचे मला नेहमीच मोल वाटत आले आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम घालून दिले, त्यांतही रोजच्या जेवणात दोन शिजवलेले पदार्थ सांगितले आहेत, कारण ज्याला एक सोसत नाही त्याला दुसरा खाता यावा. त्याच नियमांप्रमाणे जेवताना सर्वांनी मौन पाळायचे आणि एकाने वाचन करायचे. ही मौनाची रीत मला त्या दिवशी देणगीसारखी वाटली. मी पाळकसाहेबांना विनंती केली की दुसऱ्या दिवशीचे दुपारचे जेवण मौनात व्हावे, आणि शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत वाचन थांबू नये. त्यांनी ती लगेच मान्य केली.

स्वयंपाक सर्वांसाठी एकच केला. गाजर, मटार आणि बटाटा वेगवेगळे मऊ शिजवून वाटले आणि प्रत्येकाचे वाटण मी बारीक चाळणीतून लाकडी चमच्याने दाबून गाळले. सगळे एकत्र वाटले असते तर वेळ वाचला असता, पण मग ताटात एकच करडा लगदा दिसला असता, आणि प्रौढ माणसापुढे तसे ताट ठेवणे मला अपमानाचे वाटते. मटाराच्या साली चाळणीत राहिल्या. हिरवा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग ताटात उतरले.

ते गृहस्थ आले आणि दाराजवळच्या टोकाला बसले. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, 24वा अध्याय वाचायला घेतला. अम्माऊस गावाच्या वाटेवर सोबत चाललेल्या अनोळखी माणसाला येशूच्या दोघा शिष्यांनी आग्रहाने ठेवून घेतले आणि त्याने भाकर मोडताच तो येशूच असल्याचे ओळखले, तो भाग संपला तेव्हा बहुतेकांची ताटे रिकामी झाली होती, तरी कोणीही उठले नाही. वाचन पुढे चालले. मरणातून पुन्हा उठलेला येशू शिष्यांना विचारतो की तुमच्याजवळ खायला काही आहे का, आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खातो. त्या ओळीला गृहस्थांनी चमचा खाली ठेवला, वाचणाऱ्याकडे पाहिले आणि मग पुन्हा सावकाश जेवू लागले.

बाई त्यांच्या शेजारी बसून जेवत होत्या. घरी पतीचे जेवण झाल्यावर, निवलेले अन्न एकटीने खाण्याची त्यांना सवय झाली होती, हे मला नंतर कळले. त्या दुपारी त्यांनी पुन्हा वाढून घेतले.

रात्रीच्या जेवणाला मौन नव्हते. तरीही ते आपणहून खाली आले. शेजाऱ्याने काही विचारले की ते हात किंचित वर करत, घास उतरला की उत्तर देत, आणि तोवर विचारणारा थांबत असे.