आंब्याच्या ढोलीतली ‘चंदन घोरपड’

वनरक्षक म्हणून सापांचे, बिबट्यांचे फोन रोजचेच. पण ‘चंदन घोरपड निघाली’ असं कळलं की मी हातातलं काम टाकून निघते. तिच्या बाबतीत लोक आधी काठी उचलतात आणि मग फोन करतात.

मखमलाबादच्या त्या मळ्यात द्राक्षबागेच्या बांधावर जुना आंबा आहे. मी पोहोचले तेव्हा बुंध्याशी पाचोळा पेटवून ढोलीत धूर सोडणं चाललं होतं आणि पोरं काठ्या घेऊन उभी होती.

“मॅडम, ही चावली तर माणूस पाणी मागत नाही,” आजोबा म्हणाले.

मी आधी पाचोळा विझवायला लावला. बऱ्याच वेळानं तिनं तोंड बाहेर काढलं. हातभर लांब, काळपट अंग, त्यावर पिवळ्याधमक ठिपक्यांच्या आडव्या ओळी. दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर होत होती.

“आजोबा, ती वास घेतेय. जिभेनं वासाचे कण टिपते आणि टाळूतल्या इंद्रियाकडे नेते. सापासारखे विषदंत नसतात तिला. चावली तर जखम होईल, दवाखान्यात जावं लागेल, पण माणूस दगावत नाही.”

चंदन घोरपड अशी वेगळी जात नाहीच. आपल्या नेहमीच्या घोरपडीचंच हे पिल्लू. मादी बिळात किंवा वारुळात अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. पिल्लांना पहिल्या दिवसापासून कुणी वाली नसतो. जमिनीवर मुंगूस, कुत्री, साप, कधी मोठी घोरपडसुद्धा टपलेली. म्हणून ती झाडाला धरून राहतात. अंग हलकं, नख्या अणकुचीदार, ढोलीत निवारा, सालीखाली किडे. वाढली की बराचसा वेळ जमिनीवर जातो आणि ठिपके फिके पडतात. लोक ज्या रंगाला भिऊन तिला ठेचतात, तो तिच्या लहानपणाचा रंग आहे. याचं मला फार वाईट वाटतं.

मी बोलत होते तोवर ती फांदीवर आली. सुटलेल्या सालीच्या फटीत जीभ फिरवली, पुढच्या पायानं खरवडलं आणि एक जाडजूड भुंगेरा ओढून काढला. जबड्यात दोनदा फिरवून गिळूनही टाकला. पोरांच्या काठ्या खाली आल्या होत्या.

“हेच भुंगेरे आमची पानं खातात की,” आजोबा म्हणाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, मारली तर ३ ते ७ वर्षांची कैद होते, हेही मी सांगितलं. पण त्या भुंगेऱ्यानं जास्त काम केलं.

“मग घेऊन जाताय ना हिला?” सूनबाईंनी विचारलं. “खाली लेकरं खेळतात.”

“नाही, ताई. तिची ढोली, तिचं खाणं इथंच आहे. अनोळखी रानात नेऊन सोडलं तर जगणं अवघड. माणसाची चाहूल लागली की ती आपणच वर पळते. फक्त ढोलीत कुणी हात घालू नका.”

ताईंना लगेच पटलं नाही. आजोबांनी मात्र पोरांना जवळ बोलावलं. “ऐकलं ना रे? त्या ढोलीला हात लावायचा नाही.”