तीन शहाळी

गणपतीतली गोष्ट. आमच्या डायलिसिस युनिटला सोमवार-गुरुवारी येणारे एक काका त्या गुरुवारी आलेच नाहीत. घरात पाहुण्यांचा राबता, सणाचे दिवस, असं होतं. शुक्रवारी सकाळी मात्र दोघांनी धरून त्यांना रिक्षातून उतरवलं.

"ताई, पायात जीवच नाही बघा."

काट्यावर वजन फक्त दीड किलो चढलेलं. दम नाही, सूज नाही. पाळी चुकवूनही पाणी सांभाळलंय म्हणून मला तर बरंच वाटलं. सवयीने डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या जागेवर, बोटं ठेवली. मांजर गुरगुरावं तशी थरथर तिथे लागते. ती होती, पण एक ठोका आला की पुढचा येता येईना. मिनिटाला 38.

ईसीजीत उंच, टोकदार टी लहरी, म्हणजे रक्तात पोटॅशियम वाढल्याची खूण. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायला घेतलं. त्याने पोटॅशियम कणभरही उतरत नाही, हृदयाला तेवढ्यापुरती ढाल मिळते. मागोमाग इन्शुलिन आणि ग्लुकोज. त्याने पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकललं जातं, तेही काही तासांपुरतं. शरीराबाहेर काढायचं तर मशीनच हवं. काकांना मशीनवर घेईपर्यंत रिपोर्ट आला: पोटॅशियम 7.9. असायला हवं 3.5 ते 5.

काकूंना विचारलं, काल काय काय खाल्लं?

"जेवलेच नाहीत धड. शेजारच्यांनी शहाळी आणून दिली होती, ती तीन प्यायले. थंड असतं ना. आणि पाणी मोजूनच हां ताई, शहाळं घेतलं तेवढं पाणी कमी केलं."

ओरडणार कुणाला? 'पाणी मोजून प्या' हे आम्हीच घोकून घेतलेलं. त्यांनी माप पाळलं, आणि त्या मापावर मीही फसले. एका शहाळ्यात अर्धा ग्रॅम पोटॅशियम सहज असतं. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि दीडेक लिटर लघवी सोडून बाकी सगळा परत घेतात. पोटॅशियमही आधी बहुतेक परत घेतात, मग नलिकेच्या शेवटाकडे, आज खाण्यातून किती आलंय त्याप्रमाणे बाहेर सोडतात. हा अंदाज आमच्या मशीनला कुठला? आठवड्याच्या 168 तासांपैकी ते काकांसाठी चालतं आठ तास. उरलेले 160 तास हिशेब काकूंकडे.

दुसऱ्या तासाला मॉनिटरवर 70 दिसायला लागले. काकांनी चहा मागितला, म्हटलं अर्धा कप.

निघताना काकू हळूच जवळ आल्या. "एक शहाळं अजून घरात आहे. त्याचं काय करू?"

"तुम्ही प्या की. तुम्हाला काही होत नाही."

"नको बाई," म्हणाल्या. "माझ्या घशाखाली नाही उतरायचं आता ते."