साक्षरतेच्या अभ्यासासाठी कोल्हापुरातील ग्रंथालये धुंडाळताना

भुदरगड तालुक्यातील काही गावांमधील स्त्रियांच्या साक्षरतेचा अभ्यास हाती घेतल्यावर संदर्भांचा शोध मी शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रापासून सुरू केला. केवळ 'साक्षरता' या शब्दाने सूचीत शोधले, तर हाती फार थोडे लागते. प्रौढ शिक्षण, निरंतर शिक्षण, अनौपचारिक शिक्षण, नवसाक्षर, स्त्रीशिक्षण अशा विषयांखाली पाहत गेल्यावर यादी वाढली. ग्रंथालयांत पुस्तके विषयानुसार अंक देऊन लावण्याच्या ड्युई वर्गीकरणात प्रौढ शिक्षण ३७४ या अंकाखाली, साक्षरतेचे शासकीय धोरण ३७९ मध्ये आणि लेखन-वाचनाचा सामाजिक व्यवहार ३०२ मध्ये येतो, त्यामुळे एकाच प्रश्नासाठी परस्परांपासून दूर असलेली कपाटे पाहावी लागतात. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' हा भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उपयोगी पडतो. तेथे मी आधी प्रबंधांच्या शेवटच्या संदर्भसूची वाचल्या आणि त्यांतून ग्रंथांची नावे मिळवली.

आकडेवारीसाठी जिल्हा जनगणना पुस्तिकांना पर्याय नाही. त्यांत गावनिहाय साक्षर स्त्री-पुरुषांची संख्या मिळते. मात्र गावपातळीवरच्या त्या तक्त्यांत अनुसूचित जातींची लोकसंख्या असली, तरी त्यांतील साक्षर किती हे दिलेले नसते, आणि समाजगटांचा अभ्यास करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. जुन्या व नव्या पुस्तिका शेजारी ठेवून थेट तुलना करणेही योग्य नाही. १९९१ पासून साक्षरतेचा दर सात वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकसंख्येवर काढला जातो; त्यापूर्वी ही मर्यादा पाच वर्षांची होती. २०११ मधील महाराष्ट्राचा ८२.३४ टक्के हा दरही कुटुंबाने प्रगणकाला दिलेल्या उत्तरांवर आधारलेला आहे, कारण जनगणनेत वाचन-लेखनाची परीक्षा घेतली जात नाही. समजून वाचता-लिहिता येणे ही व्याख्या कागदावर स्पष्ट असली, तरी साक्षर म्हणून नोंदलेली स्त्री प्रत्यक्षात काय वाचते, याविषयी हा आकडा काहीच सांगत नाही.

या विषयाचा इतिहास कोल्हापुरात मुबलक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचे आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केलेला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा देशातील या प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. संस्थानकालीन दप्तर पाहायचे असेल, तर मोडी वाचता येणे आवश्यक आहे, आणि ही तयारी संशोधकाने विषय निवडतानाच करावी, असे माझे मत आहे.

मला सर्वांत अधिक मिळाले ते मात्र गावच्या सार्वजनिक वाचनालयांत. शासनमान्य वाचनालयांना वर्गानुसार अनुदान मिळते आणि त्यांना दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची नोंद), सभासद नोंदवही व देवघेवीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. मार्गदर्शकांचे पत्र दाखवल्यावर एका ग्रंथपालांनी या वह्या बसून पाहू दिल्या. सभासद म्हणून बहुतेक पुरुषांचीच नावे होती. पण त्यांच्या नावावर गेलेल्या पुस्तकांत पाककृती, व्रतकथा आणि कौटुंबिक कादंबऱ्या वारंवार आढळल्या. ही पुस्तके घरातल्या सुनाच मागवतात, असे ग्रंथपालांनी आपणहून सांगितले. केवळ सभासदांची यादी पाहून या स्त्रिया वाचत नाहीत असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो त्यांच्यावर अन्याय ठरला असता. म्हणून सभासदांची नावे न उतरवता मी फक्त पुस्तकाचे नाव, नेल्याची व परतीची तारीख एवढेच टिपून घेतले आणि त्या टिपणांच्या आधारे स्त्रियांना विचारायची प्रश्नावली नव्याने तयार केली. 'तुम्हाला वाचता येते का', या प्रश्नाच्या जागी आता 'घरात आलेले शेवटचे पुस्तक कोणी मागवले आणि कोणी वाचले', हा पहिला प्रश्न आहे.