पीच अनारकली, आता वाइन : तिसरा आठवडा

रंग बसला! घेर पूर्ण एकसारखा आलाय, काखेत मात्र थोडी फिकट छटा राहिली. सविस्तर लिहिते.

ताईचा साखरपुड्याचा रेशमी अनारकली सहा वर्षं कपाटात होता. पहिल्या आठवड्यात फक्त उसवणं आणि तपासणं केलं. शिवणीतल्या मायेतून, अस्तरातून, ओढणीतून एकेक धागा काढून जाळून पाहिला. घेराच्या धाग्याला केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली, म्हणजे रेशीम. ओढणीचा धागा वितळून कडक मणी झाला, म्हणजे पॉलिएस्टर. अस्तर सुती होतं, ते काढूनच ठेवलं. त्यात हवा अडकली की कापड फुगून वर येतं आणि तेवढ्या भागावर रंग कमी चढतो.

घेरावर हळदीचा शिंतोडा होता. त्याला साबण लावला तर तो कुंकवासारखा लाल होतो, म्हणून नुसत्या पाण्याने ओला करून उलट बाजूने दोन तास उन्हात धरला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. डाग जवळजवळ गेला.

दुसरा आठवडा नमुन्यांचा. रेशमाला ॲसिड डाय लागतो, आणि आंबटपणासाठी व्हिनेगर. मायेच्या पट्टीवर नुसता मरून विटकरी दिसला, कारण खालचा पीच वर डोकावतो. थोडा निळा घातल्यावर वाइन जमला. जरीचा तुकडाही अर्धा तास गरम व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून पाहिला, काळा पडला नाही. हे केल्याशिवाय मी जरीचा कपडा पातेल्यात टाकणार नाही.

या शनिवारी प्रत्यक्ष रंगकाम. अस्तराशिवाय वजन ४२० ग्रॅम. गडद छटेसाठी रंग कापडाच्या वजनाच्या ३ टक्के धरून साडेअकरा ग्रॅम मरून आणि एक ग्रॅम निळा. पाणी कापडाच्या तीसपट, म्हणजे साडेबारा लिटर. स्टीलचं मोठं पातेलं आता रंगाचंच, त्यात स्वयंपाक नाही. भुकटी मास्क लावून मोजली, गरम पाण्यात विरघळवून मलमलीतून गाळली. कापड आधी नीट भिजवून कोमट पाण्यात सोडलं आणि चाळीस मिनिटांत हळूहळू ८५ अंशांपर्यंत नेलं. उकळी येऊ दिली नाही, तिने रेशमाची चमक जाते. १५० मिली व्हिनेगर तीन वेळा विभागून घातलं, दर वेळी कापड एका बाजूला उचलून. सतत हलवत राहिले, हात भरून आले. पण अर्ध्या तासाने पाणी निवळायला लागलं, सगळा रंग कापडाने ओढून घेतला होता! तो क्षण पाहण्यासाठी मी पुन्हा एवढी मेहनत करीन. पातेल्यातच थंड होऊ दिलं, मग धुऊन सावलीत वाळवलं.

काखेत घाम आणि डिओडरंट बसलेल्या जागी रंग कमी धरला. हात खाली असताना दिसत नाही, पण पुढच्या वेळी तो भाग आधी जास्त वेळ भिजवून धुणार. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा, तो पीचच राहिला. गळ्यापाशी ती रेघ जरीशेजारी छान दिसते, तिथे ठेवतेय. खालची दुमड उसवून वाइन दोऱ्याने पुन्हा घालणार.

ओढणीला डिस्पर्स डाय, म्हणजे पॉलिएस्टरवर चढणारा रंग, आणि जवळजवळ उकळतं पाणी लागेल. तिचा नमुना येत्या शनिवारी.